मिक्सरचा दोष

वजनमाप खात्यातून निवृत्त झालेल्या अंबाजींनी आठव्या दिवशी मिक्सर बंद केला, तेव्हा कुकटपल्लीतल्या त्या घरात सात प्रकारच्या चटण्या होत्या आणि खाणारी माणसं दोन.

मिक्सर वापरून तपासायला आणून दिला होता पुतणीनं, मेधानं. दोन हजार साल उजाडलं होतं. बाजारात मिक्सरच पंचवीस जातींचे आले होते आणि कुठला घ्यावा हे कुणालाच कळत नव्हतं. म्हणून मेधानं इंटरनेटवर खरेदीचा सल्ला देणारी साइट काढली होती. नियम कडक. वस्तू स्वतः वापरायची, दुकानदाराचा चहासुद्धा घ्यायचा नाही, दोष आधी लिहायचा.

"असे नियम आमच्या खात्यातसुद्धा नव्हते गं!" अंबाजी भारावून म्हणाले, आणि त्यांनी लिहिलं : 'आवाज भयंकर. स्वयंपाकघरातलं एक अक्षर हॉलमध्ये ऐकू येत नाही. बाकी वाटण उत्तम.'

चार दिवसांत बेगम बाजारातले ते मिक्सर संपले.

पाचव्या दिवशी घाऊक व्यापारी प्रतापराव मिठाईचा पुडा घेऊन दारात हजर. "साहेब, कमाल केली तुम्ही! सगळ्या सुना 'तो आवाजवाला द्या' म्हणून रांग लावायल्यात. सासूला काहीच ऐकू जाईना!"

"अहो, तो दोष होता!"

"हौ, म्हणूनच तर खपायलाय!"

अंबाजींनी पुडा परत केला. प्रतापरावांनी जाता जाता पायरीवर एक कोरा मिक्सर ठेवून दिला. तो अंबाजी बसनं जाऊन त्यांच्या दुकानात टाकून आले.

"हे वाचकांना सांगायला पाहिजे, काका," मेधा म्हणाली. तेही छापलं : 'व्यापाऱ्यानं मिक्सर फुकट देऊ केला, मी नाकारला. तरी माझं मत जपूनच वाचा.' वाचकांनी ठरवलं, फुकटचं नाकारणारा माणूस खोटं बोलणारच नाही. खप दुप्पट झाला. प्रतापरावांनी दुकानावर पाटी लावली, 'आवाजाची गॅरंटी'.

अंबाजी परेशान. शेवटी त्यांनी मिक्सरखाली जुन्या गोधडीची घडी घालून पाहिली. आवाज निम्मा! ही युक्तीही त्यांनी साइटवर दिली. दुसऱ्याच दिवशी एका सुनेचा रडवेला फोन आला, "काका, आमच्या सासूबाईंनीच गोधडी आणून घातली हो!"

सत्य जिंकल्याच्या समाधानात अंबाजी पेपर घेऊन हॉलमध्ये बसले. आत त्यांच्या बायकोनं, भामाबाईंनी, गोधडीवरचा मिक्सर लावला. खालच्या मजल्यावरची मनकर्णा आली होती, आणि अंबाजींना प्रथमच सगळं स्वच्छ ऐकू आलं.

"माणूस सोन्यासारखा गं, पण तीस वर्षं माझी पोळी तोलून खायलाय. परवा म्हणतो, कालच्यापेक्षा अर्धा तोळा जास्त हाय."

"मग तुम्ही काय म्हणलात?"

"म्हणायचंय काय? जे म्हणले ते मिक्सर लावून म्हणले."

दोघी खदखदून हसल्या. अंबाजी उठले. आत गेले. त्यांनी मिक्सरखालची गोधडी ओढली, माळ्यावर टाकली आणि बाहेर येऊन मेधाला फोन लावला.

"गोधडीची सूचना काढून टाक."

"का? चुकीची निघाली?"

"नाही. अगदी बरोबर आहे."

"मग कारण द्यावं लागेल, काका. वाचकांपासून लपवायचं नाही."

अंबाजी मोठा धीर करून सगळं खरं खरं सांगायला लागले, पोळीपासून. नेमका आत मिक्सर सुरू झाला.

"काय? काका, काहीच ऐकू येईना!" मेधा ओरडत होती.

अंबाजींनी कारण शेवटपर्यंत सांगितलं, एक शब्दही न गाळता, आणि समाधानानं फोन ठेवला.