नाना सुभेदार नाच शिकतात

आमच्या शेजारच्या नाना सुभेदारांनी वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी सायकल शिकायला घेतली, आणि तीही माझी. त्यांना सायकल काही आली नाही. माझी मात्र चाक सरळ करणाऱ्या मिस्त्रीशी घरोब्याची ओळख झाली.

होळकर दरबारात नानांनी उभी हयात खाली मान घालून कारकुनी केली. संस्थान गेलं, मध्यभारत झाला, नानांना पेन्शन मिळाली आणि त्यांच्या अंगात काय संचारलं देव जाणे. त्यांच्या वयाची भली माणसं खजराण्याच्या गणपतीला जातात, ओसरीवर बसून नव्या सरकारला नावं ठेवतात. नाना फोटो काढायला शिकले. त्यांनी काढलेल्या माझ्या फोटोत माझा एक कान आणि मागचं लिंबाचं झाड आलं. मग बासरी झाली. तेवढ्या फुंकरीत दोन चुली पेटल्या असत्या. मग उर्दू आणली, ती दुसऱ्या अक्षरापाशी बसली.

"नाना, एक तरी गोष्ट धड पुरी करा," मी म्हणायचो.

"पुरी करून काय करायचं, भिया? नवीन आहे तब तक मज़ा है."



गेल्या थंडीत मात्र त्यांनी हद्द केली. महूच्या छावणीत एक अँग्लो-इंडियन मॅडम साहेबी नाच शिकवतात, हे त्यांना कुठून तरी कळलं. दर रविवारी नाना गाडीने महूला जाऊ लागले. सगळ्या गल्लीला लाज वाटली, एक नाना सोडून. एका रविवारी मीही त्यांच्याबरोबर निघालो. असा तमाशा घरबसल्या कोण सोडतो?

एका लांबट खोलीत ग्रामोफोन लागला होता. फौजेतली तरणी पोरं ऐटीत पाय टाकत होती. त्यांच्यात धोतर, काळा कोट आणि कॅन्व्हासचे बूट घातलेले आमचे नाना. एखाद्या लग्नात वाढपी चुकून बँडमध्ये शिरावा, तसे.

मॅडमनी रेकॉर्ड थांबवली.

"बायाँ पैर, मिस्टर सुभेदार. घर पे प्रॅक्टिस किया?"

"नहीं, मॅडम."

"तो आये क्यों? मेरा टाइम खराब करने को?"

नाना मान खाली घालून उभे. पोरं खिडकीबाहेर बघू लागली. मॅडमनी त्यांच्या हातात एक खुर्ची दिली आणि कोपऱ्यात जाऊन तिच्याबरोबर नाचायला सांगितलं. नाना तासभर खुर्ची घेऊन गोल फिरले. खुर्चीच्याही पायावर त्यांनी पाय दिला असावा, कारण शेवटी शेवटी ती लंगडायला लागली होती.

परतीच्या गाडीत नाना खिडकीशी बसले. चेहऱ्यावर असं समाधान, जणू जहागीर मिळाली.

मला राहवेना. "नाना, जरा तरी लाज बाळगा. मुलीच्या वयाची बाई चार लोकांत झापते आणि तुम्ही ऐकून घेता? बासरीवाले मास्तर काय वाईट होते?"

"चांगले होते. पहिले खूप रागवायचे. पण मग माझं वय बघून 'वाह नानाजी, वाह' करायला लागले. म्हणून सोडलं."

"म्हणजे?"

नाना बाहेर बघत होते. "तुझी काकू होती तेव्हा दिवसभर चालायचं. मफलर का नाही घातला, ताटात का टाकलं, इतका उशीर कुठे होता. आता सूनबाई फार चांगली आहे रे. परवा माझ्या हातून तेलाची बरणी फुटली. सगळ्या घरात तेल. ती म्हणाली, 'असू द्या नाना.' मुलगाही म्हणाला, 'असू द्या.' काहीही केलं की असू द्या. या मॅडमला अजून वाटतं, मी सुधारीन."

गाडी राऊ सोडून पुढे निघाली. नाना खिडकीच्या गजांतून हात बाहेर काढून गार वारा घेत बसले होते.

"नाना, हात आत घ्या," मी जरा आवाज चढवून म्हणालो. "कळत नाही का तुम्हाला? किती वेळा सांगायचं?"

नानांनी चटकन हात आत घेतला, मांडीवर ठेवला आणि इंदूर येईपर्यंत शहाण्यासारखे बसून राहिले.