ताठ जोडीचं स्थळ

आमच्याकडे स्की विकत मिळत नाहीत. त्या माणूस बघायला घरी येतात. काही शहरांत अजून दुकानात टांगलेल्या असतात आणि कुणीही पैसे टाकून उचलून नेतो असं ऐकून आहे. पण ते कितपत टिकतं याची मला शंका आहे. साताऱ्यात रीतसर मंडळ आहे. मंडळाकडे नाव नोंदवायचं, अपेक्षा लिहायच्या आणि जोडी येईल त्या दिवशी घर आवरून ठेवायचं. बघून गेल्यावर पसंती कळवतात त्या स्की. आपण फक्त वाट बघायची.

माझी मुलगी वैजयंती एकतीस वर्षांची आहे. एकोणिसाव्या वर्षी ती गिर्यारोहणाच्या वर्गाला म्हणून हिमाचलात गेली आणि बर्फावरून घसरायला शिकून परत आली. तेव्हापासून दर हिवाळ्यात ती तिकडे असते. राज्याच्या संघात बत्तीस पूर्ण झाल्यावर घेत नाहीत, म्हणजे यंदाची फेब्रुवारीतली शर्यत तिची शेवटची. वीस डिसेंबरपर्यंत स्वतःची जोडी दाखवली नाही तर नाव कापणार, असं संघाचं पत्र आलं होतं.

तिच्याकडे जोडी नव्हती. यापूर्वी दोन आल्या, दोन्ही मऊ. उमेदवार बाईमाणूस दिसला की मंडळ मऊ जोडीच पाठवतं, त्यांना वाटतं बायकांना तेच मानवतं. पहिल्या जोडीची वेगात टोकं फडफडायची. दुसऱ्या जोडीवर असताना वैजू पडली आणि तिचा गुडघा गेला. त्याबद्दल ती घरात कधी बोलली नाही आणि मीही विचारलं नाही. या वेळी तिने अर्जात अपेक्षांच्या रकान्यात लिहिलं, "वेगवान आणि ताठ. मऊ पाठवू नयेत." खाली दोन रेघा मारल्या. कागद मागून फाटला होता.

पत्र आलं की पुरुषांच्या शर्यतीतली एक ताठ जोडी रविवारी अकरा वाजता आमच्याकडे बघायला येणार आहे.

मी पाटबंधारे खात्यात तीस वर्षं काढली. धरणाची भिंत कोरडी दिसली की मी आधी मागे जाऊन बघतो. चांगल्या ताठ जोडीने बाईचं स्थळ बघायला यावं, तेही पहिल्याच पत्रावर, यात काहीतरी झिरपत होतं. म्हणून मी रीतीप्रमाणे चौकशी केली. ही जोडी याआधी एका हवालदाराकडे होती. त्याचा फोन मिळवला.

"मोडतोड वगैरे काही?" मी विचारलं.

नाही म्हणाला. जोडी एक नंबर आहे म्हणाला.

"मग सोडली का?"

हवालदार म्हणाला, साहेब, मीच घाबरलो.

हे मी कुंदाला, म्हणजे माझ्या बायकोला सांगितलं. ती पोह्यांना मटार सोलत होती. "अहो, घाबरला तो त्याचा दोष," ती म्हणाली. "स्कींचा काय?" मला तसं वाटलं नाही.

रविवारी त्या दोघी वेळेवर आल्या. उंच, काळ्या, अंगावर एक फूल नाही की नक्षी नाही. सोफ्यावर बसता येत नसल्यामुळे शोकेसशेजारी भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. बायकामाणसं म्हणून कुंदाने दोघींच्या टोकांना हळदीकुंकू लावलं. पोह्यांच्या बशा समोर ठेवल्या आणि थोड्या वेळाने उचलल्या. बोलण्याचं सगळं उजव्या पायाच्या स्कीकडे होतं. डावी नुसती बघायची. तिने आमचा जिना बघितला, खिडकी बघितली, मग माझ्याकडे बघत राहिली. मला ते आवडलं नाही.

मंडळाच्या नियमाप्रमाणे आधी वडीलधाऱ्यांना विचारतात, उमेदवाराला नंतर बोलावतात. वैजू आत स्वयंपाकघरात होती.

"मुलगी स्वभावाने कशी?" उजवीने विचारलं.

"शांत हो अगदी," कुंदा म्हणाली. "आजवर कुणाला उलटून बोलली नाही. जमवून घेते सगळ्यांशी."

आता हे कुंदाच्या तोंडातून आपोआप आलं. आमच्याकडे बघायला कुणीही आलं की मुलगी शांतच असते. पुतणीच्या वेळी, भाचीच्या वेळी, सगळ्यांच्या वेळी कुंदाने हेच सांगितलंय. समोर नवरामुलगा आहे की स्की, हे बघण्याइतका वेळ जिभेला मिळाला नाही. पण माझी गोष्ट वेगळी होती. मला कळत होतं.

"आणि चालायला?" उजवीने मला विचारलं.

"सावकाश," मी म्हणालो. "जिना उतरतानासुद्धा कठडा धरून उतरते."

डावीने पुन्हा जिन्याकडे बघितलं. आमच्या जिन्याच्या कठड्यावर बोटभर धूळ होती.

मग वैजूला बाहेर बोलावलं. उजवीने तिला एकच प्रश्न विचारला, "उतारावर भीती वाटते का?"

"हळू गेलं की वाटते," वैजू म्हणाली.

दोघी स्की एकमेकींकडे वळल्या. घरात कुणीतरी खोटं बोलतंय हे त्यांच्या ध्यानात आलं होतं, पण कोण ते ठरत नव्हतं. मी विषय बदलला. आमच्याकडूनही एखादा प्रश्न विचारायची रीत आहे.

"ही पडली तर तुम्ही काय करणार?"

"सोडू," उजवी म्हणाली.

"म्हणजे कधी?"

"त्याच क्षणी. बुटाची पकड उघडते आणि आम्ही बाजूला होतो. पडलेल्या माणसाला आम्ही धरून ठेवत नाही."

मी कुंदाकडे बघितलं. इतक्या स्वच्छ तोंडाने असं सांगणारं स्थळ मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. मुलगी अडचणीत आली की हात वर करणार, आणि ते आधीच सांगून मोकळं होणार! हवालदार का घाबरला ते मला तेव्हा समजलं, निदान मला तसं वाटलं.

म्हणून फाटकापर्यंत सोडायला गेलो तेव्हा मी शेवटचं सांगून टाकलं. "तुमच्यापासून काय लपवायचं," मी आवाज खाली आणून म्हणालो, "गुडघ्यानंतर तिने धास्ती घेतली आहे. आता ती मऊच झाली आहे."

उजवीने आभार मानले.

दोन डिसेंबरला नकार आला. "मुलगी समजूतदार आहे. शांत व मऊ स्वभावामुळे आमच्याशी तिचं जमेल असं वाटत नाही. राग नसावा."

कुंदाने पत्र दोनदा वाचलं. "समजूतदार आहे म्हणून नकार?" ती म्हणाली. "असं कुठं असतंय का?" मग आपण काय बोललो ते तिला आठवलं आणि ती खुर्चीत बसली.

वैजूने पत्र हातात घेतलं. तिला आरडाओरडा करायची सवय आहे, त्यामुळे ती हळू बोलली तेव्हा मला जास्त वाईट वाटलं.

"अण्णा, मऊ कुणी सांगितलं?"

मी कुंदाकडे बघितलं.

"आईने शांत सांगितलं असेल. मऊ तुम्ही सांगितलंत."

"अगं, पडल्यावर सोडणार म्हणाल्या त्या! तोंडावर सांगितलं. असल्यांच्या भरवशावर तुला—"

"माझा गुडघा कसा गेला ठाऊक आहे तुम्हाला?"

मला ठाऊक नव्हतं.

"मी पडले तेव्हा त्या मऊ जोडीने मला सोडलं नाही. आम्ही तुला अशी कशी टाकू म्हणाल्या. मी वीस मीटर घसरत गेले, पाय मागे पिळला गेला, मी ओरडत होते सोडा, सोडा. त्या रडत होत्या आणि धरून होत्या." तिने पत्राची घडी घातली. "चांगली जोडी सोडते, अण्णा. मी अकरा वर्षं हिची वाट बघत होते. तुम्ही फाटकात उभं राहून मला मऊ करून टाकलंत."

ती वर गेली. मला लाज वाटत होती, आणि ती घालवायचा कुठलाच कागदी मार्ग नसेल असं वाटत होतं. पण होता.

मंडळाचं कार्यालय एका औषधाच्या दुकानावर आहे. चिटणीस अष्टपुत्रेबाई. त्यांनी आमची फाईल काढली, चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि दुरुस्तीचा अर्ज पुढे सरकवला.

"खटावकर, नोव्हेंबरात मुलगी शांत होती," त्या म्हणाल्या. "डिसेंबरात आक्रमक झाली म्हणता. मधल्या काळात काय झालं?"

"काही नाही. आधीपासूनच आहे."

"पुरावा?"

मी बसून लिहायला लागलो. प्रत्येक चुकीचं विधान वेगळं रद्द करावं लागतं आणि त्याच्यासमोर खरं विधान लिहावं लागतं. कठडा धरते हे खोडलं आणि लिहिलं की तीन तीन पायऱ्या एकदम उतरते, कठडा कधी धरत नाही, आम्ही तो पुसतही नाही. उलटून बोलत नाही हे खोडलं आणि शाळेत ती गणिताच्या सरांशी भर वर्गात भांडली होती तो प्रसंग लिहिला. मऊ झाली आहे, याच्यासमोर पेन थांबलं. मग लिहिलं की सहावीत असताना ती कालव्याच्या भरावावरून पत्र्यावर बसून खाली आली. मी तेव्हा त्या कालव्याचा ओव्हरसियर होतो आणि पलीकडच्या काठावर उभा होतो. मला तिच्यापर्यंत पोहोचता येण्यासारखं नव्हतं. ती खाली पोहोचली, उठली, पत्रा उचलला आणि परत वर चढायला लागली. ती तशीच आहे. गुडघ्यानंतरही तशीच आहे.

शेवटचा रकाना होता, चुकीची माहिती देण्याचं कारण. मी लिहिलं, "मला भीती वाटते."

अष्टपुत्रेबाईंनी वाचलं. "भीती या कारणाला आमच्याकडे क्रमांक नाही," त्या म्हणाल्या. "अनवधान आहे, गैरसमज आहे, आजारपण आहे. कोणतं घालू?"

"मला भीतीच वाटते, बाई."

त्यांनी थोडा विचार केला. "'इतर'मध्ये घालते," त्या म्हणाल्या आणि शिक्का मारला. "पण जोडीला संशय येणार. एकदा शब्द फिरवला की येतोच."

संशय आलाच. पंधरा तारखेला, बुधवारी सकाळी, काही न कळवता त्या दोघी आमच्या दिवाणखान्यात उभ्या होत्या. कुंदाची हळदीकुंकवाला धावपळ झाली. उजवी म्हणाली, राहू द्या, आज तपासणीला आलो आहोत. तेवढ्यात वरून वैजूने विचारलं, "आई, माझा टॉवेल कुठाय?" आणि उत्तराची वाट न बघता खाली आली. चौदा पायऱ्या आहेत. पाच वेळा पाय टेकल्याचा आवाज आला. डावीने कठड्याकडे बघितलं. धूळ होती तशीच होती.

वैजू स्कींना बघून जागच्या जागी थांबली. ओले केस, हातात दात घासायचा ब्रश.

"खटावकर," उजवी मला म्हणाली, "मागच्या वेळी तुम्ही आमच्याशी खोटं बोललात. या वेळी खरं सांगताय हे आम्ही कशावरून धरायचं?"



"मला हे स्थळ नको आहे," मी म्हणालो. "आजही नको आहे. तुम्ही फार वेगाने जाता. तरी सांगतोय की ती तुमच्याजोगी आहे. यावरूनच धरा."

उजवी डावीकडे वळली. डावीने बराच वेळ माझ्याकडे बघितलं. मग दोघी भिंतीपासून सुटल्या आणि वैजूच्या दोन बाजूंना जाऊन उभ्या राहिल्या. तिच्या डोक्यापेक्षा चांगल्या चार बोटं वर होत्या. वैजू हसली नाही की रडली नाही. तिने तोंडातला फेस गिळला आणि विचारलं, "शुक्रवारची गाडी चालेल?"

शुक्रवारी सकाळी मी त्यांना स्टँडवर सोडायला गेलो. पुण्याच्या गाडीचा कंडक्टर दारात उभा होता. त्याने दोघींना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"पाव्हणं, ह्या बसून येणार का उभ्या?"

"उभ्या."

"मग फुल तिकीट लागंल बघा. उभ्याला सवलत न्हाई."

वैजू खिडकीशी बसली आणि त्या दोघी तिच्या सीटला टेकून उभ्या राहिल्या. मी खाली उभा राहून खिडकीचा गज धरला. पोहोचलीस की फोन कर, म्हणालो. गुडघ्याला पट्टा लाव, म्हणालो. ती हो म्हणाली. पट्ट्याचं मी परत एकदा म्हणालो. गाडी सुरू झाली तरी माझी बोटं गजावरून निघेनात, आणि मी दोन पावलं गाडीबरोबर चाललो.

तेव्हा डावी पहिल्यांदा बोलली. तिचा आवाज उजवीपेक्षा मवाळ होता.

"अण्णा, सोडा," ती म्हणाली.

मी सोडलं. कंडक्टरने डबल बेल मारली आणि गाडी फाटकाबाहेर पडली.