टाके शोधणारे पगारेकाका

पगारेकाकांना व्हॉइस मेसेज पाठवायचा नसतो. आमच्या सोसायटीत हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण मी पडले सेक्रेटरी! मध्यंतरी मी सगळ्यांना साधा निरोप पाठवला, "रविवारी लिफ्ट बंद राहील, दूध-भाजी आधीच आणून ठेवा." पाच मिनिटांत काका दारात. गळ्यात हेडफोन, हातात वही.

"मॅडम, चौथ्या सेकंदाला टाका आहे."

"कसला टाका?"

"'लिफ्ट'पर्यंत मागे तुमचा फ्रिज वाजतोय. 'बंद राहील'पासून फ्रिज गायब. मधलं काय कापलंत?"

अहो, काय कापणार मी? कुकरच्या शिट्ट्या झाल्या म्हणून मेसेज मध्येच थांबवला, गॅस बंद केला आणि उरलेलं हॉलमध्ये येऊन बोलले. माझ्याच घराच्या दारात मी आरोपीसारखी जबानी दिली. काकांनी ती लिहून घेतली. आणि रविवारी हेच गृहस्थ दुधाची पिशवी घेऊन चार जिने धापा टाकत वर आले आणि म्हणाले, "लिफ्ट बंद आहे, सांगायचं तरी!"

काकांची सगळी नोकरी विमानतळांची रेकॉर्डिंग तपासण्यात गेली. कुठे काही विपरीत घडलं की कंट्रोल टॉवरमधली बोलणी आणि रडारच्या नोंदी त्यांच्यापुढे यायच्या. त्यात कुणी काही घातलंय किंवा काढलंय का, ते त्यांनी सांगायचं. अशा जागेला ते टाका म्हणतात. निवृत्त होऊन नाशिकरोडला राहायला आले, पण कान काही निवृत्त झाले नाहीत. भिंतीतली वीज बारीक गुणगुणत असते आणि ती प्रत्येक रेकॉर्डिंगमध्ये उतरते, असं ते सांगतात. "एकलहऱ्याच्या वीजकेंद्राची गुणगुण मध्ये तुटली, की समजायचं हात लागलाय!"

वार्षिक सभेचं रेकॉर्डिंग मी ग्रुपवर टाकलं, तेव्हा त्यातलं एक भांडण मुद्दाम काढून टाकलं होतं. दोन शेजारी एकमेकांचं खानदान काढत होते, आता नुकते बोलायला लागले होते, म्हटलं कशाला परत? काकांनी ग्रुपवर लिहिलं, "चाळीस सेकंद कमी आहेत. कोणाच्या आदेशाने?" झालं! अख्खं रेकॉर्डिंग टाकावं लागलं. ते दोघं अजून बोलत नाहीत.

"लोकांच्या भल्यासाठी केलं हो, काका," मी म्हटलं.

"भल्यासाठीच करतात सगळे," काका म्हणाले.

पण हे काहीच नाही. खरा ताप रविवारचा. बरोबर दहाला काका एक जाड फाईल आणि पेनड्राइव्ह घेऊन माझ्या लॅपटॉपसमोर बसतात. स्वतःचा कॉम्प्युटर त्यांनी आतली घरघर शोधायला खोललाय, तो परत जुळत नाही.

फाईल आहे भालेरावांची. दोघं एकदम नोकरीला लागले, एका खोलीत राहिले, एका स्टोव्हवर भात शिजवला. पुढे भालेराव परराज्यातल्या एका लहान विमानतळावर टॉवरमध्ये होते. ढगाळ दिवशी शिकाऊ विमान डोंगराला घासून पडलं, वैमानिकाचा पाय गेला. भालेराव सांगत राहिले, "मी 'वर घे' म्हणून ओरडलो होतो." रेकॉर्डिंगमध्ये त्या जागी नऊ सेकंद शांतता. ते तपासायला आलं नेमकं काकांकडे, विभागात दुसरं कुणी नव्हतंच. काकांनी अहवाल दिला, हात लागलेला नाही. भालेरावांची नोकरी गेली, ते इगतपुरीला आपल्या घरी परतले.

रागावले असते तर परवडलं असतं. पण ते दर महिन्याला फोन करून एवढंच विचारायचे, "पगारे, सापडलं का रे?" एक टाका सापडला, की भालेराव निर्दोष. त्यासाठी काकांनी अर्ज करकरून त्या रेकॉर्डिंगची प्रत मिळवली.

आणि मोजायला मी! रडार दर फेरीला विमानाचा एक ठिपका टिपतं. ते ठिपके मोजायचे, बोलण्याशी जुळवायचे, कुठे मागेपुढे होतंय का बघायचं. पोहे गार होतात, डोळे चुरचुरतात.

"काका, चाळीस वेळा मोजलं!"

"एकदा अजून. माणूस आहोत, चुकलो असू."

परवा भालेरावांच्या मुलीचा फोन आला. बाबा जेवत नाहीत, डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलंय. काका म्हणाले, "मॅडम, गाडी काढता का?"

इगतपुरीच्या वाटेत मी विचारलं, "काही सापडलं का हो?"

"नाही. अखंड आहे. तेव्हाही होतं, आताही आहे."

"मग काय सांगणार त्यांना?"

काका मांडीवरची फाईल उघडून ठिपक्यांवरून बोट फिरवायला लागले. चिडले मी. म्हटलं, आता हा माणूस मरणाऱ्याच्या उशाशी बसून ठिपके मोजणार.

भालेराव खाटेवर एवढेसे झाले होते. आम्हाला पाहून म्हणाले, "पगारे, सापडलं का रे?"

काकांनी त्यांचा हात हातात घेतला. "सापडलं. पुसलंय रे कुणीतरी. तुझा आवाज होता तिथे."



"ओरडलो होतो ना मी?"

"ओरडला होतास. दोनदा. 'वर घे, वर घे' म्हणालास."

भालेरावांनी डोळे मिटले. मग मुलीला म्हणाले, "थोडी पेज दे गं." अर्धी वाटी प्यायले. ती बिचारी पदराने डोळे पुसत होती.

परत येताना मला रडू आवरत नव्हतं आणि गाडी तर चालवायची होती. काका खिडकीबाहेर बघत होते.

"लेखी काही दिलेलं नाही मी, मॅडम. नुसतं तोंडी बोललो."

"हो, काका."

नाशिकरोड आल्यावर त्यांनी विचारलं, "त्याला खरं वाटलं असेल ना हो?"