मल्लिनाथ मापाडी यांणी पदवी फत्ते केली त्याची हकीकत

श्रीसिद्धेश्वर प्रसन्न. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरे, कसबे लातूर येथील आडत बाजारातील समस्त हमाल-मापाडी मंडळींनी आम्हांस चहा पाजोन फर्माविले की, राजमान्य राजेश्री मल्लिनाथ रेवणप्पा हालकुडे, उमर चोपन्न, यांणी बी.ए.ची पदवी कैसी काबीज केली ते साद्यंत लिहोन ठेवावे. ऐशियास आम्ही आडतीचे मुनीम, तिखटमीठ लावणे आमचे खाती नाही. जैसे घडले तैसे लिहितो. चहा अर्धाच पाजला, तेही लिहितो.

मल्लिनाथराव कॉलेजात दुसरे वर्षी असता तीर्थरूप वारले, आणि त्यांणी पुस्तके बांधोन माळ्यावर टाकिली आणि वडिलांचा काटा धरिला, तो आजतागायत सुटला नाही. परंतु शिक्षण अर्धे राहिले हा सल काही जाईना. मग आठ वर्षांमागे घरबसल्या शिकावयाचा फॉर्म भरिला, आणि तुरीच्या थप्पीवर बसोन अभ्यास मांडिला, आणि हमाल हसले आणि अडते हसले, आणि खरे सांगावयाचे तर आम्हीही हसलो. एक एक पेपर गड घ्यावा तैसा घेत गेले. अखेर इतिहासाचा एकच राहिला आणि मुदतीची खेपही एकच राहिली. ही चुकली तर नाव दफ्तरातून खारीज आणि आठ वर्षे मातीत, ऐसा सरकारी कायदा.

पेपराचे दिवशी बाजारात तुरीची आवक दांडगी. राव पहाटेपासोन दोनशे पोती मोजोन तैसेच घामाने निथळत परीक्षेस दाखल जाले. आता परमुलखीच्या वाचकांस कळावे की, आमचे बाजारात मापाडी पहिले माप मोजता 'एक' म्हणत नाही, 'लाभ' म्हणतो. लाभ, मग दोन, मग तीन, ऐसी वडिलोपार्जित चाल. इलेक्ट्रॉनिक काटा आला तरी पोत्यांची गिनती तोंडानेच चालते. सबब रावांचे हाताने काय केले? उत्तरपत्रिकेवर झोकात लिहिले, 'प्रश्न लाभ', आणि खाली पाच पाने उत्तर, आणि मग 'प्रश्न दोन', आणि पुढे सारे यथास्थित. घरी आले ते मिशीस पीळ देतच आले.

आषाढमासी निकाल लागला. बत्तीस पाहिजेत तेथे सव्वीस! उत्तरपत्रिकेची नक्कल मागविली तो पाच पानांवर लाल शाईची तिरपी रेघ आणि फर्मान, की असा प्रश्न विचारलेलाच नाही, सबब शून्य. मल्लिनाथराव मटकन पोत्यावर बसले. दोन रोज भाकरी गोड लागेना. आम्हांसही वाईट वाटले, पण म्हटले, अरे बाबा, एक लिहावयास काय धाड भरली होती!

मग नांदेड मुक्कामी परीक्षेच्या कचेरीवर मोहीम काढिली. पहिले स्वारीस कारकून संघपाल यांणी साहेब मीटिंगीत असल्याचे कळविले. दुसरे स्वारीस सर्व्हर पडला होता. तिसरे खेपेस रावांच्या कबिला रुद्राणीबाई अर्ध्या तिकिटात कुमकेस निघाल्या, आणि एस.टी.त ज्वारीच्या भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी ऐसा दाणागोटा घेतला, आणि लोह्याचे स्टँडावर तो फस्त करोन फौज ताजीतवानी नांदेडास पोहोंचली.

साहेब भेटले. मुत्सद्दी गृहस्थ. त्यांणी सवाल टाकिला की, लाभ म्हणजे एक कशावरून? गिनतीचा जो आरंभ, तो शून्यही असेल, आणि शून्य असेल तर गुणही रास्तच दिले. इतक्यात संघपाल फायलीआडून बोलले, "साहेब, आमच्या लोह्यात बी लाभच म्हणत्यात." साहेबांनी त्यांस नजरेनेच गप्प केले. तेव्हां रुद्राणीबाई पदर खोचोन पुढे जाल्या.

"साहेब, ह्यांनी पयलं पोतं शून्य धरलं असतं, तर दर मालात कास्तकाराचं एक पोतं बुडालं असतं का न्हाई? मंग कास्तकारांनी ह्यांना तीस वर्सं काट्याजवळ हुबं राहू दिलं असतं व्हय? पयल्याच दिवशी तुडवलं असतं!"

मग साहेबच आधी हसले, आणि हसता हसता हुकूम केला की, पाच पाने नव्याने तपासावी. तपासिली. सोळांपैकी अकरा पडले. एकूण सदतीस! संघपालांनी स्वतः होऊन पेढे आणविले, हा त्यांचा मोठेपणा नमूद करणे जरूर.

मार्गशीर्षात नांदेडासच पदवीदानाचा दरबार भरला. विशी-बाविशीच्या पोरापोरींचे रांगेत आमचे राव, अंगात काळा झगा, पायात बाजारातली चप्पल. त्यांची पाळी आली आणि नेमकी वीज गेली. ध्वनिक्षेपक मुका जाला. मंचावर कोणी नाव पुकारिले ते पहिल्या रांगेपलीकडे गेले नाही. आठ वर्षे जिवाचे रान केले आणि नावच कोणास ऐकू येईना! राव सनद हाती घेऊन बावरोन उभेच राहिले.

तो मागील रांगेत रुद्राणीबाई उठल्या. लग्नास एकोणतीस वर्षे जाली, उखाणा वगळता बाईंनी नवऱ्याचे नाव कधी तोंडी आणिले नव्हते. त्या खुर्चीवर चढल्या आणि बाजारात हाळी द्यावी तैसे खड्या आवाजात ओरडल्या:

"मल्लिनाथ रेवणप्पा हालकुडे, बी.ए.!"

अवघा दरबार मागे वळला, आणि पोरांनी शिट्ट्या मारिल्या, आणि राव झग्याचे बाहीने डोळे पुसो लागले. आम्ही समक्ष होतो. आमचेही डोळे भरोन आले, त्यात लाजण्यासारखे काही नाही.

येणेप्रमाणे पदवी फत्ते जाली. मागाहून आम्ही बाईंस पुसिले की, नाव कैसे घेतलेत? त्या म्हणाल्या, "एवढं शिकलेलं माणूस तिथं एकटंच हुबं होतं. कुणीतरी नाव घ्यायलाच पाहिजे होतं की."