आगाशेमामींची साखळी

आगाशेमामींच्या दाराला साखळी आहे, आणि आमच्या इमारतीतल्या बहुतेकांनी मामींना त्या साखळीच्या फटीतूनच पाहिलं आहे. एक डोळा, अर्धा चष्मा आणि निम्मं नाक. बेल वाजवली की दार चार बोटं उघडतं आणि आतून आवाज येतो, "काम सांगा."

"या" नाही, "बसा" नाही. पेपरवाल्याला काम सांगा, मतं मागायला आलेल्या उमेदवाराला काम सांगा, संक्रांतीला समोरच्या दारातून तिळगूळ घेऊन गेलेल्या मलाही काम सांगा. मी म्हटलं, "तिळगूळ." फटीतून हात बाहेर आला, तिळगूळ आत गेला, आणि "गोड बोलायची हमी देत नाही," एवढं म्हणून दार लागलं.

मामी मूळच्या पेठेतल्या. मामांनी निवृत्त झाल्यावर हडपसरला फ्लॅट घेतला, त्याबद्दल मामींनी त्यांना शेवटपर्यंत माफ केलं नाही. खिडकीतून काचेची ऑफिसं दिसतात, त्यांच्यावरही राग. "भर दुपारी दिवे लावून बसतात. यांना कोणी खिडकी उघडायला शिकवलं नाही का?" मी खराडीच्या तसल्याच एका ऑफिसात पगारांचं काम बघते, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. मला त्या 'आपण' म्हणतात. पुण्यात आपण म्हणायचे दोन प्रकार आहेत. हा दुसरा.

साखळी निघायची ती फक्त एका माणसासाठी. त्याचं नाव विकी. मामी त्याला विकास म्हणत, कारण "विकी हे कुत्र्याचं नाव असतं." हा विकी दर सोमवारी संध्याकाळी मोटरसायकलवरून यायचा, कमरेला पाकीट, पायात टोकदार बूट. ते बूट न काढता थेट आत जाऊन मामांच्या खुर्चीत बसायचा! तिळगूळ घेऊन गेलेली मी उंबऱ्याबाहेर, आणि हा आत थालीपीठ खातोय. "आई, लोणी जरा वाढा की." आतून मामींचं हसू ऐकू यायचं. मामी हसतात हे मला त्यामुळेच कळलं.

मला वाटायचं, असेल कोणी भाचा-पुतण्या. मामींना मूलबाळ नाही.

मग एकदा मामींनीच माझी बेल वाजवली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा.

"काम आहे," त्या म्हणाल्या. "आपल्याकडे शाईचं पॅड आहे का?"

"आहे. कशाला हवंय?"

"विकासला घराच्या कागदावर अंगठा हवाय. नुसती सही चालत नाही म्हणतो."

मी पॅड दिलं नाही. त्यांना आत ओढलं, बसवलं आणि सगळं काढून घेतलं. मामा दवाखान्यात असताना, ठेवीवर मामांची सही हवी म्हणून बँकेनं मामींना तीन वेळा परत पाठवलं होतं. विकी मात्र त्याच दिवशी दवाखान्याच्या फाटकापाशी रोख वीस हजार घेऊन आला. हातात सतरा दिले, पहिलं व्याज म्हणून तीन कापून घेतले. मामा गेले. विकी तेराव्याला जेवायला बसला आणि पुढच्या सोमवारपासून वसुलीला लागला. त्याला झाली पाच वर्षं. बांगड्या गेल्या, मुदत ठेव गेली, आणि आता घर.

"मामी, आजवर त्याला किती दिलेत?"

"पाहुण्याला वाढताना पोळ्या मोजतात का?"

माझ्या अंगाची लाहीलाही झाली. व्याज घेणारे पुष्कळ पाहिलेत मी. पण कोणतं घर रिकामं आहे, कुठे चहाला कोणी येत नाही, हे हुंगून काढायचं आणि त्या दारात जाऊन आई म्हणायचं, हा हलकटपणा आहे. दुसरा शब्द मला सुचत नाही.

मी रजा टाकली आणि मामींना बँकेच्या कर्ज सल्ला केंद्रात घेऊन गेले. तिथे पैसे घेत नाहीत, आणि सगळी कर्जं समोर मांडली की त्यातून वाट काढून देतात. टेबलापलीकडच्या मुलीनं विचारलं, "आजी, कुणाकुणाचं देणं आहे?"

मामींनी घडाघडा सांगितलं. फ्रिजचे हप्ते. मॉलमध्ये एका पोरीनं गळ्यात मारलेलं क्रेडिट कार्ड. सोसायटीची थकबाकी. "संपलं."

"आणि विकी?" मी जवळजवळ ओरडलेच.

"तो कर्जात येत नाही," मामी म्हणाल्या. "तो घरी येतो."

त्या मुलीनं पेन खाली ठेवलं. मग फार सावकाश म्हणाली, "आजी, बाकीच्यांचे हप्ते मी कमी करून घेईन. पण हा लपवलात तर त्यातून वाचलेले सगळे पैसे हाच नेईल. सावकारीचा परवाना नसेल तर हा धंदाच बेकायदा आहे. सहकार खात्याच्या निबंधकांकडे तक्रार करू. आणि कशावरही अंगठा द्यायचा नाही."

परत येताना रिक्षात हडपसर आलं तेव्हा मामी म्हणाल्या, "लिहा त्याचं नाव. विकासच लिहा."

तक्रार गेली. सोमवारी विकी आला तेव्हा मी जिन्यातच उभी होते. तक्रारीची प्रत त्याच्या हातात ठेवली.

"ताई, तुम्ही मधे पडू नका. माझा आणि आईंचा मामला आहे."

"आई म्हणालास तर याच जिन्यावरून खाली ढकलीन," मी म्हटलं. ढकललंही असतं.

त्यानं कागद वाचला, मामींच्या बंद दाराकडे पाहिलंसुद्धा नाही, आणि गेला. पुन्हा फिरकला नाही. घर वाचलं. मी ऑफिसात पेढे वाटले.

दोन-तीन आठवड्यांनी मामी जिन्यात भेटल्या. मला वाटलं, आभार मानतील. त्या म्हणाल्या, "चकल्यांचा डबा राहिलाय त्याच्याकडे. डबा परत द्यायला तरी यायचं."

माझा पुन्हा भडका उडाला, पण या वेळी ओरडायचं कुणावर हे कळेना.

त्या सोमवारी मी ऑफिसातून लवकर निघाले. सहाच्या सुमाराला मामींच्या घरातून थालीपीठाचा वास येत होता. मी बेल वाजवली. दार चार बोटं उघडलं.

"काम सांगा."

"काही काम नाही, मामी. सहज आले."

एक डोळा, अर्धा चष्मा. डोळा माझ्या चपलांपर्यंत जाऊन परत आला.

"तोही पहिल्यांदा असंच म्हणाला होता," मामी म्हणाल्या, आणि साखळी निघाली.

मी चपला काढायला वाकले.

"राहू देत त्या," मामी घाईघाईनं म्हणाल्या. "तू आधी आत ये."