फटीत बोट घालू नये

सोमवारी सकाळी बालवाडीच्या दारात एका चिमुरडीचं बोट चेपलं. हाड शाबूत, नख जागेवर. पण तिच्या आजोबांनी थेट वर तक्रार केली आणि निरोप आला: शुक्रवारी तपासणी. आणखी एक बोट चेपलं, तर बालवाडी बंद.

ताईंच्या तोंडचं पाणी पळालं. बालवाडीखेरीज आयुष्यात त्यांनी दुसरं काही केलं नव्हतं आणि या वयात दुसरं काही जमेल अशी आशाही नव्हती.

"मुलांना नीट समजावून सांगू," त्या मदतनीस मावशींना म्हणाल्या.

"सांगा बापड्या. आपलं ऐकून कुणी शहाणं झालंय आजवर?"

ताईंनी सगळ्यांना दारापुढे बसवलं. बिजागरीकडची फट दाखवली, तीत गाजर धरलं आणि दार ढकललं. कच्चकन गाजराचे दोन तुकडे!

"पाहिलंत? इथे बोट घालायचं नाही."

वर्ग चिडीचूप. भीती बसली म्हणून ताईंनी मनोमन देवाचे आभार मानले.

"पुन्हा करा ना!" भुंगा ओरडला. दिवसभर गुणगुणतो म्हणून त्याचं नाव भुंगा.

तोवर दाराला अशी गंमतशीर फट असते, हे पोरांना माहीतच नव्हतं. दुपारपर्यंत तीत खडू गेले, कंगवा गेला, कुणाच्या तरी बाहुलीचा पाय गेला. भुंग्याने स्वतःचा अंगठा नेला, तेव्हा मावशींनी त्याला वरच्या वर उचललं.

सुतार आला. "फट झाकायची रबरी पट्टी मिळते, पण यायला आठवडा लागेल."

"आणि तोवर?"

"दारंच काढून ठेवू. दार नाही तर चेपणार काय?"

"संडासाचंसुद्धा?" मावशी किंचाळल्या.

"बोट संडासातही बोटच असतं," ताई खिन्नपणे म्हणाल्या.

दारं निघाली. मावशी संडासापुढे चादर धरून उभ्या राहिल्या. पोरं रस्त्यावर पळू नयेत म्हणून ताईंनी मुख्य चौकटीत स्टूल टाकलं आणि त्या हात पसरून बसल्या. "ताई दार झाल्या!" पोरं नाचू लागली. ताईंना वाटलं, हेही भोग असतील.

शुक्रवारी तपासणीच्या मॅडम आल्या. उघड्या चौकटी बघून खूश झाल्या. "वा! तुम्ही मुळावरच घाव घातलात."

ताईंनी चार दिवसांत पहिल्यांदा मोकळा श्वास घेतला. तेवढ्यात भुंगा पुढे आला.

"मी पण दार आहे."

"अगं बाई! मग उघड बघू दार," मॅडम कौतुकाने वाकल्या.

भुंग्याने जबडा वासला.

"आणि या फटीत काय घालायचं नाही, सांग?" म्हणत मॅडमनी बोट नेमकं तिथे नेऊन दाखवलं.

दार लागलं.

मॅडमची किंकाळी विरली. बोटावर दातांची अख्खी रांग उमटली होती. ताई भिंतीला टेकल्या. "संपलं. कुलूप लावा, मॅडम. या दाराला काही बिजागरी नाही हो, काढून ठेवायला."

मॅडम बराच वेळ बोटावर फुंकर घालत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "कारण काय देऊ मी? सांगूनसवरून बोट मीच घातलं म्हणून? राहू दे. बालवाडी चालू राहील. फक्त बाहेर बोलू नका."

त्या गेल्या. ताईंच्या डोळ्यांत पाणी आलं.

"ताई," आतून मावशींचा घाबरा आवाज आला, "इकडे या जरा."

भिंतीला पाठ लावून सगळी पोरं ओळीने उभी होती. सगळ्यांचे जबडे सताड उघडे होते.

ताईंनी दोन्ही हातांच्या मुठी आवळल्या, काखेत दडवल्या आणि त्या ओरडल्या, "मावशी, सुताराला बोलवा! आजच्या आज दारं परत लावायला सांगा!"