घट्ट झाकण

गरोदरपणाच्या चौथ्या महिन्यात सुनेची बोटे मोकळी झाली. ती घड्याळे दुरुस्त करी आणि संधिवातामुळे वर्षभर तिला चिमटाही धरवत नव्हता; आता केसाएवढी स्प्रिंग ती एका खेपेत बसवू लागली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की शरीराने गर्भाला परके समजून त्याच्यावर चालून जाऊ नये, म्हणून या काळात संप्रेरके आतल्या फौजेला आवर घालतात आणि या आजारात तीच फौज सांध्यांवर तुटून पडत असल्याने पुष्कळजणींच्या सांध्यांनाही उसंत मिळते. बाळंतपणानंतर दुखणे बहुधा परतेल. तेव्हा दूध पाजताना चालतील अशा गोळ्या त्या देणार होत्या.

सासूबाईंना ही फौज पटली नाही. त्याच आठवड्यात त्यांनी स्वतः कढवलेल्या तेलाची बाटली सुनेला दिली होती. रोज संध्याकाळी त्या विचारत, "लावलंस ना गं?" सून मान हलवी. तेलाची कीर्ती शेजारणीच्या गुडघ्यांपर्यंत पोहोचली. तिला गुण येईना, तेव्हा सासूबाईंनी सांगितले की गुडघा मोठा सांधा, वेळ लागणारच.

मुलगी झाली. दोन महिन्यांत सुनेची मनगटे पुन्हा सुजली आणि एका सकाळी तिला रडणारे बाळ उचलता येईना. सासूबाईंच्या मुलाने गोळ्या आणल्या. सासूबाईंनी पाकिटावर हात ठेवला.

"तेल सोडलंस, म्हणून उलटलं. आधी तेल."

बाटली आली, झाकण मात्र हलेना. मुलगा लालबुंद झाला. सासऱ्यांनी पंच्याने धरून पाहिले. तेल संपल्याने दुसरी बाटली मागायला आलेल्या शेजारणीनेही हात लावला. अखेर सुनेचीच पक्कड आणावी लागली.

बाटली गळ्यापर्यंत भरलेली होती.

"वासानं मळमळायचं, आई," सून हळूच म्हणाली. "पहिल्याच दिवशी आवळून टाकलं."

"तू आवळलंस हे?" मुलाने तळहात चोळत विचारले.

"तेव्हा जोर होता."

सासूबाईंनी बाटली बाजूला ठेवली. मग त्यांनी पाकीट फोडले, गोळी आणि पाण्याचा पेला सुनेपुढे धरला आणि नातीला स्वतः उचलून तिच्या मांडीवर दिले. वाद पुराव्याने मिटला, असे सर्वांना वाटले.

"पण बघ हं," त्या म्हणाल्या, "नुसतं घरात होतं, तरी एवढा गुण."

शेजारणीने आपल्या गुडघ्यांकडे पाहिले.

"माझंच चुकलं," ती म्हणाली. "मी उघडलं."